बाळाला ऐकू येतंय का, हे थाळी वाजवून कळत नाही: नसेचा बहिरेपणा वेळेत कसा पकडायचा

बाळ सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत घरातल्या कुणीतरी त्याच्या मागे उभं राहून थाळी नाहीतर टाळी वाजवून बघितलेली असते, आणि बाळाने मान वळवली की विषय संपला, ऐकू येतंय, चला. पालकांना मी सगळ्यात आधी हेच सांगते की या टेस्टवर विसंबू नका. स्टीलची थाळी जवळून वाजवली तर आवाज प्रचंड असतो, ज्या मुलाला आपलं साधं बोलणं नीट कळत नाही तेही थाळीला दचकू शकतं. शिवाय मूल बघत असतं ना, आजीचा हात हलला, सावली पडली, समोर बसलेल्या आईचे डोळे मागे गेले, कुणाच्या पावलाने जमीन थरथरली, एवढ्यावरही ते वळतं, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ती मुलं तर नजरेवरच जास्त चालतात. उलटही होतं, म्हणजे अगदी छान ऐकू येणारं बाळ खेळण्यात गुंग असलं की ढुंकूनही बघत नाही आणि इकडे घरात रडारड सुरू.

मग कळायचं कसं? मशीनने. आणि कधी? बोलायचं वय होईपर्यंत थांबून नाही, जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या आजूबाजूचं आहे, पण ते नीट माहीत असलेलं बरं, कारण दवाखान्यात दोन मिनिटांत कुणी एवढं समजावत नाही.

आधी हे कुठलं दुखणं ते बघू. कानात मळ साठला, सर्दीने पडद्यामागे पाणी झालं, पडद्याला भोक पडलं, तर आवाज आत पोचायला अडथळा येतो, हे बहुतेक वेळा औषधाने किंवा ऑपरेशनने सुटतं. दुसरा प्रकार आतल्या कानाचा, जिथे शंखासारखा कॉक्लिया असतो आणि त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात ज्या आवाजाचे सिग्नल करून नसेवाटे मेंदूकडे पाठवतात. या पेशी खराब असल्या किंवा नसेतच दोष असला की त्याला सेन्सरीन्यूरल म्हणतात, रिपोर्टवर एसएनएचएल लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे 'नस कमजोर आहे' असं सांगतात. माणसाच्या कानात या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. त्यामुळे याला गोळी नाही, ड्रॉप नाही, लसणाचं तेल तर अजिबात नाही (ते कानात घालून काहीच मिळत नाही, झालं तर इन्फेक्शन). पण श्रवणयंत्र आहे, कॉक्लिअर इम्प्लांट आहे (ऑपरेशन करून कॉक्लियात बसवायची तार आणि यंत्र), आणि दोन्हीचा फायदा किती होणार हे मूल किती लहान असताना सापडलं यावर फार अवलंबून आहे, कारण भाषा शिकायची मेंदूची सगळ्यात मोठी तयारी पहिल्या दोन-तीन वर्षांत होऊन जाते. दर १००० जन्मांमागे साधारण १ ते ३ बाळांना जन्मतःच हा त्रास असतो, आणि जी बाळं एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत राहून आलेली असतात त्यांच्यात प्रमाण याच्या कितीतरी पट.

आता कपाटातली फाईल काढा

खरंच काढा. डिलिव्हरीची फाईल, बाळाचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड. कारणं शोधायला गूगलपेक्षा ही कागदं जास्त कामाची.

डिस्चार्ज कार्डवर काय बघायचं? बाळ लगेच रडलं का, वजन १५०० ग्रॅमच्या खाली होतं का, दिवस भरायच्या आधी झालं का, काचेत ठेवलं होतं तर किती दिवस, व्हेंटिलेटर लागला होता का. कावीळ झाली होती का, आणि इथे घाबरू नका, एक-दोन दिवस निळ्या लाईटखाली ठेवणं फार कॉमन आहे आणि तेवढ्याने सहसा कानाला काही होत नाही, पण बिलिरुबिन इतकं वाढलं की रक्त बदलावं लागलं किंवा बदलायची वेळ आली होती, तर ती गोष्ट कानाच्या डॉक्टरला सांगायलाच हवी. मग औषधांची नावं, जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं पाचपेक्षा जास्त दिवस चालली होती का. ही औषधं जीव वाचवतात, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला ती द्यावीच लागतात, डॉक्टरशी भांडायला जाऊ नका, फक्त नंतर कान तपासणं विसरू नका. काही घराण्यांत आईकडून आलेला एक जनुकीय बदल असतो ज्यामुळे ही इंजेक्शनं नेहमीच्या डोसमध्येही कान खराब करतात, म्हणून बाळाच्या आजोळी, मामाला, मावशीला, आजीला असं इंजेक्शननंतर ऐकू कमी आलंय का हे विचारून घ्या आणि तसं असेल तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आधीच सांगा.

आईच्या फाईलमध्ये गरोदरपणातलं इन्फेक्शन बघायचं. रुबेला म्हणजे आईला साधा ताप आणि पुरळ, दोन दिवसांत विसरूनही जाते, पण पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाच्या कानाला, डोळ्याला, हृदयाला तिन्हीला धोका. गोवर-रुबेलाची लस आता सरकारी लसीकरणात आहे, पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, दुसरा लोक चुकवतात, चुकवू नका. सायटोमेगालो व्हायरस, ज्याला सगळे सीएमव्ही म्हणतात, तो जास्त फसवा. आईला काही जाणवत नाही, जन्मलेलं बाळही बहुतेक वेळा एकदम ठणठणीत दिसतं, कित्येकदा जन्मतःची कानाची टेस्टही पास होते, आणि पुढे काही बाळांचं ऐकणं महिन्या-वर्षांत उतरत जातं. हे जन्माआधीच झालेलं इन्फेक्शन आहे हे खात्रीने सांगायचं तर बाळाची लघवी किंवा लाळ पहिल्या २१ दिवसांत तपासावी लागते, त्यानंतर पॉझिटिव्ह आलं तरी ते आधीचं की नंतर लागलेलं हे सांगता येत नाही. म्हणून नवजात बाळाची कानाची टेस्ट फेल आली की तेव्हाच बालरोगतज्ज्ञांना विचारायचं, 'सीएमव्ही तपासायची का?' हा एक प्रश्न लक्षात ठेवा.

आता जनुकांचं. 'आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी बहिरं नाही, मग आनुवंशिक कसं असेल?' हे मी इतक्यांदा ऐकते. जन्मतःच्या बहिरेपणात निम्म्याहून जास्त केसेस जनुकांमुळे असतात आणि त्यातल्या बहुतेकांत आई आणि बाबा दोघांना व्यवस्थित ऐकू येत असतं, दोघांकडे बदललेल्या जनुकाची एकेक प्रत लपलेली असते, दोन्ही प्रती एकाच बाळाकडे आल्या की त्रास दिसतो, आणि प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. यातलं सगळ्यात जास्त सापडणारं जनुक जीजेबी२, लॅबवाले कनेक्सिन २६ पण म्हणतात. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे कित्येक समाजात होतात, तिथे दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. पण नात्यात लग्न नसलं तरी होतंच, तेव्हा सासरच्यांनी सुनेकडे बोट दाखवायचं काही कारण नाही, प्रत दोघांकडूनही आलेली असते. काही खुणा मात्र डोळ्याने दिसतात: कपाळावर जन्मतः पांढऱ्या केसांची बट, एक किंवा दोन्ही डोळे अगदी निळे, थोडं मोठं झाल्यावर अंधारात न दिसणं. आणि सगळ्यात महत्त्वाची, धावताना किंवा घाबरल्यावर अचानक बेशुद्ध पडणं. बहिरेपणा आणि अशी चक्कर एकत्र असेल तर तो हृदयाच्या ठोक्यांचा जिवावरचा आजार असू शकतो, साधा ईसीजी काढून कळतो, लोक फिट समजून बसतात. तसंही जन्मतः दोन्ही कानांनी जास्त बहिऱ्या मुलाचा एक ईसीजी काढून ठेवावाच असं माझं मत.

चांगलं ऐकणारं मूल नंतर बहिरं होण्याची कारणं वेगळी. मेंदूच्या आवरणाचा ताप म्हणजे मेनिंजायटिस, हा सगळ्यात वाईट. यातून मूल उठलं, खायला-खेळायला लागलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि कान राहून जातो. घरी सोडायच्या आधी किंवा जास्तीत जास्त काही आठवड्यांत ऐकण्याची टेस्ट झालीच पाहिजे, कारण यात कॉक्लिया आतून हाडासारखा घट्ट होत जाऊ शकतो आणि उशीर झाला तर इम्प्लांटची तार आत घालायला जागाच उरत नाही. म्हणजे इथे 'सहा महिन्यांनी बघू' चालत नाही. गालगुंड झालं तर एखाद्या वेळी एकच कान एकदम जातो, आणि दुसरा चांगला असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. सरकारी लस गोवर-रुबेलाची आहे, त्यात गालगुंड नाही, खासगीत एमएमआर मिळते, बालरोगतज्ज्ञांशी बोला. डोक्याला मार, कॅन्सरची सिस्प्लॅटिनसारखी औषधं हीही कारणं. आणि आवाज. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन डीजेच्या भिंतीसमोर उभं राहणाऱ्यांना काय बोलावं, लांब उभे राहा एवढंच.

टेस्ट कुठली, कधी

नियम सोपा आहे, १-३-६. एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन म्हणजे श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू.

स्क्रीनिंग बहुतेक ठिकाणी ओएई मशीनने होतं. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी रबरी बोंडी घालतात, मशीन आवाज सोडतं आणि आतल्या कानातून परत येणारा बारीक प्रतिसाद मोजतं, काही मिनिटांचं काम, सुई नाही, दुखत नाही. रिझल्ट दोनच, 'पास' नाहीतर 'रेफर'. रेफर आलं म्हणजे बाळ बहिरं असा अर्थ होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकट पांढरा थर किंवा पाणी असतं, बाळ हलतं, खोलीत गोंगाट असतो, बरीच बाळं दुसऱ्या खेपेला पास होतात. पण ती दुसरी खेप व्हायला हवी ना! बारशाची गडबड, मग आई माहेरी, मग बाळ 'बघतंय की आमच्याकडे', आणि रेफरचा कागद फाईलमध्ये तसाच. काही आठवड्यांत परत करा, परत रेफर आलं की सरळ बेरा, म्हणजे कानाच्या नसेपर्यंतची टेस्ट, ती कशी होते ते खाली सांगते.

एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. ओएई फक्त केसांसारख्या पेशी तपासतं, त्यापुढची नस नाही. ज्यांना जास्त कावीळ झाली, जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, त्यांच्यात कधीकधी पेशी ठीक पण नसेतून सिग्नल विस्कळीत जातो, याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात, आणि अशा बाळाचं ओएई झकास पास होतं. म्हणून पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची ओएई पास असली तरी बेरा मागून घ्या.

बेरात कपाळावर आणि कानामागे स्टिकर लावतात, कानात टकटक आवाज देतात आणि नसेपासून मेंदूच्या खालच्या भागापर्यंत जाणाऱ्या लहरी मोजतात. बाळ झोपलेलं पाहिजे, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका, केसांना-कपाळाला तेल लावू नका नाहीतर स्टिकर चिकटत नाहीत, आणि तिथे पोचल्यावर पोटभर पाजा. झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर मात्र उपाशी ठेवायचं की नाही ते आधी फोन करून विचारा. ते औषध घरून पाजून निघायचं नाही, कुणी सांगितलं तरी नाही, प्रवासात बाळाचा श्वास मंदावला तर कोण बघणार, ते सेंटरवरच डॉक्टर-नर्ससमोर द्यायचं.

बेराचा एक तोटा लोकांना सांगितला जात नाही. साधी क्लिक बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक आवाजाचं सांगते. मूल ढोल ऐकतंय पण बोलणं कळत नाही किंवा त्याच्या उलट, असं असलं तर चित्र अर्धंच मिळतं. मशीन बसवायच्या आधी टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर करा म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा अंदाज येतो. सोबत पडद्यामागे पाणी आहे का बघायला टिंपॅनोमेट्री. आणि '९० ला नो रिस्पॉन्स', म्हणजे ९० डेसिबलच्या मोठ्या आवाजालाही प्रतिसाद नाही, असं लिहिलेलं दिसलं म्हणून मुलाला शून्य ऐकू येतं असंही नाही, थोडं शिल्लक असू शकतं, म्हणून तर इम्प्लांटच्या आधी श्रवणयंत्र लावून बघतात.

मूल सहा-सात महिन्यांचं झालं की व्हीआरए करता येते, आवाज आला की बाजूचं खेळणं पेटतं आणि मूल वळतं. अडीच-तीन वर्षांनंतर आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा खेळ, आणि पाचच्या पुढे मोठ्यांसारखी हेडफोन लावून ऑडिओमेट्री. ऑडिओग्राममध्ये लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा, रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. हवेतून आणि हाडातून दिलेल्या आवाजाच्या खुणा एकत्रच खाली असतील तर तो नसेचा प्रकार, हाडाची वर आणि हवेची खाली असेल तर अडथळ्याचा.

टेस्ट पास झाली तरी काय बघत राहायचं

एकदा पास म्हणजे जन्मभर पास नाही. फाईलमध्ये वर सांगितलेलं काही निघालं असेल तर ९ महिन्यांच्या आत परत टेस्ट, सीएमव्ही किंवा मेनिंजायटिस असेल तर त्याहून बरीच लवकर आणि पुढेही वारंवार.

घरी बघायचं ते असं. तीन-चार महिन्यांचं बाळ आईच्या आवाजाने रडता रडता थांबतं, तिला न बघता, हे महत्त्वाचं. सहा-सात महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने मान वळते. बाबाबा, दादादा, मामामा सुरू होतं. इथे खूप जण फसतात, कारण बहिरं बाळही सुरुवातीला आ-ऊ करतं, हसतं, किंचाळतं, फरक नंतर पडतो, सहा महिन्यांच्या पुढे इतरांची बडबड वाढते आणि त्याची कमी होत जाते. बडबड करणारं बाळ गप्प होत चाललंय, तर याला 'शांत स्वभाव' म्हणू नका. नऊ-दहा महिन्यांत नावाला ओ, वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांत 'आई दे', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची वाक्यं. दोन वर्षांच्या मुलाला हातवारे न करता, तोंड न दाखवता 'बॉल आण' सांगून बघा. नुसता हात पुढे केला की आणतंय आणि पाठमोरं सांगितलं की नाही, तर कान तपासा. 'याचा बाप पण उशिरा बोलला', 'जीभ चिकटलीय', 'मोबाईल जास्त बघतो म्हणून' यातलं काहीही खरं असलं तरी आधी कानाची टेस्ट, मग बाकीचं. ऑटिझमची शंका असली तरीही आधी कान.

शाळेतल्या मुलांचं अजून अवघड, कारण थोडा किंवा एका कानाचा दोष असलेलं मूल बोलतं, गाणी म्हणतं. पण टीव्ही मोठा करतं, बोलताना तोंडाकडे बघतं, हाक आली की कुठून आली ते शोधत गरागरा फिरतं, फोन कायम एकाच कानाला, दंगा असला की 'काय? काय?'. बोलण्यात स, श, ख, थ असे बारीक हवेचे आवाज गळतात, कारण बारीक सूर आधी जातात. वर्गात मास्तर म्हणतात लक्ष नाही, घरी मार पडतो. मार द्यायच्या आधी ऑडिओमेट्री करा.

मशीन लागलेल्या मुलाची रोज सकाळी मिनिटभराची तपासणी जमते: तोंड झाकून, हात हलवू न देता, म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत म्हणा, लहान मूल वळतं का, मोठं परत म्हणतं का बघा. हे सहा आवाज बोलण्यातले जाड ते बारीक सगळे सूर झाकतात. काल ऐकलेला 'स' आज गेला तर आधी सेल, मग नळीतलं पाणी बघा, पावसाळ्यात हे फार होतं, आणि तरी येत नसेल तर ऑडिओलॉजिस्ट.

जायचं कुठे

खासगीत न जमणाऱ्यांनी अंगणवाडी ताई किंवा आशा ताईला धरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी, जन्मतः बहिरेपणा त्याच्या यादीत आहे, त्यांची टीम अंगणवाडीत आणि शाळेत येते आणि तिथून जिल्ह्याच्या सिव्हिलमधल्या डीईआयसीला, म्हणजे मुलांचे असे दोष लवकर पकडून उपचार करणाऱ्या केंद्राला पाठवते. मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागात बहुतेक ठिकाणी बेरा असते, नंबर लांबचा मिळाला तर 'बाळ किती महिन्यांचं आहे' हे काउंटरवर मोठ्याने सांगा आणि लवकरचा मागा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, निदान, मशीन, थेरपी सगळं तिथे होतं. इम्प्लांट खर्चिक आहे, पण दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळू शकतं, उत्पन्नाची अट असते आणि वेळ लागतो, म्हणून मशीनची ट्रायल चालू असतानाच कागद जमवायला लागा. मशीनला लहान वय आड येत नाही हो, दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही बसतं, फक्त कानाचा साचा बाळ वाढेल तसा सारखा बदलावा लागतो.

निदान पक्कं झालं की डोळ्यांची तपासणी, ईसीजी आणि डॉक्टर सांगतील तर सीटी-एमआरआय आणि जनुकांची टेस्ट. स्कॅनमध्ये आतल्या कानाची एक नळी नेहमीपेक्षा रुंद आहे असं निघालं तर डोक्याला छोटासा मार बसला तरी उरलेलं ऐकणं जाऊ शकतं, मग कुस्ती-कबड्डी बंद आणि सायकलवर हेल्मेट सक्तीचं. आणि घरात दुसरं मूल असेल, ते कितीही बडबडं असो, त्याचीही टेस्ट त्याच खेपेत करून घ्या.